तूट वाढली की पगार कापा?

कॅलिफोर्निया राज्याने २००९ साली एक अब्ज डॉलरच्या आसपासची रक्कम एका दिवसात वाचवली. कुठली योजना गुंडाळली नाही, कुणाला कामावरून काढलं नाही. राज्याचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. जून २०१० चा कर्मचाऱ्यांचा पगार ३० जूनला व्हायचा, तो १ जुलैला करायचं ठरलं. झालं. अख्ख्या महिन्याचा पगार पुढच्या वर्षाच्या खात्यात गेला आणि चालू वर्षाची तूट तेवढ्याने कमी दिसली. पैसे तेवढेच गेले, त्याच लोकांना गेले, फक्त एक रात्र उशिरा.

हा किस्सा आधीच सांगून ठेवला, कारण ज्या कल्पनेबद्दल लिहितोय ती ऐकताक्षणी पटते. सरकार कर्ज काढून खर्च करतं, तूट वाढत जाते, आणि हे सगळं ज्यांच्या मतांनी मंजूर होतं त्या लोकप्रतिनिधींचा पगार मात्र ठरल्या तारखेला पूर्ण जमा होतो. मग त्यांचा पगार सरकारच्या हिशोबाला का बांधू नये? तूट आटोक्यात राहिली तर पूर्ण पगार, हाताबाहेर गेली तर कपात. खासगी नोकरीत टार्गेट चुकलं की इन्सेंटिव्ह जातो. इथे का जाऊ नये?

ही नुसती कट्ट्यावरची चर्चा नाही. कॅनडातल्या तीन प्रांतांनी असे कायदे केले, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी दोनदा कौल दिला, अमेरिकेच्या काँग्रेसने एकदा स्वतःवरच प्रयोग केला, आणि सिंगापूरने मंत्र्यांचा बोनस थेट आकड्यांवर बसवला. म्हणजे बघायला बरंच काही आहे. ते बघितल्यावर माझं मत असं झालं आहे की पगाराला दोरी बांधायला हरकत नाही, पण ती तुटीच्या आकड्याला बांधू नये.

आधी ही कल्पना पटते कशामुळे ते पाहू, कारण तिच्यामागचा राग खोटा नाही. सरकारी खर्चाचं सुख आज मिळतं आणि दिसतं: अनुदान, करसवलत, उद्घाटनाची फीत. त्यासाठी काढलेलं कर्ज मात्र दहा-वीस वर्षांनी फेडायचं असतं, आणि तेव्हा फेडणाऱ्यांपैकी कित्येकजण आज मतदारही नसतात. निर्णय घेणारा एक, फायदा घेणारा दुसरा, बिल भरणारा तिसरा. त्यात विधिमंडळात शेकडो सदस्य असतात. प्रत्येकाला आपल्या मतदारसंघासाठी पैसा हवा असतो. एकट्याने हात आखडता घेतला तर तूट काही कमी होत नाही, त्याचा मतदारसंघ तेवढा कोरडा राहतो. ही ओढ तोडायला काहीतरी वैयक्तिक झळ हवी, असं वाटणं स्वाभाविक आहे.

एक गैरसमज मात्र इथेच बाजूला काढू. पगार कापून तूट भरत नाही. २०२० मध्ये कोविडच्या काळात भारतात खासदारांचं वेतन वर्षभरासाठी ३० टक्क्यांनी कापलं गेलं. तेव्हा वेतन महिना १ लाख रुपये होतं आणि खासदार आठशेच्या आतबाहेर, म्हणजे वर्षाची बचत साधारण २८ कोटी. त्याच वेळी खासदारांचा स्थानिक विकास निधी दोन वर्षांसाठी थांबवला गेला, तो आकडा सरकारने ७,९०० कोटी सांगितला. लक्षात सगळ्यांच्या राहिली ती पगारकपात. तेव्हा मुद्दा बचतीचा नाही, वागणूक बदलण्याचा आहे. कपातीच्या भीतीने लोकप्रतिनिधी वेगळे निर्णय घेतील का, हा खरा प्रश्न.

कॅनडाचा धडा

मॅनिटोबा प्रांताने १९९५ मध्ये अर्थसंकल्प समतोल ठेवण्याचा कायदा केला. तूट आली तर मंत्र्यांच्या मंत्रिपदाच्या वेतनात २० टक्के कपात, लागोपाठ दुसऱ्या वर्षी आली तर ४० टक्के. नैसर्गिक आपत्ती किंवा युद्ध असेल तर सूट. वाचायला कडक. पण राखीव निधीतून काढलेले पैसे समतोलाच्या हिशोबात धरायची मुभा होती. म्हणजे घरात कमाईपेक्षा खर्च जास्त झाला, बचत मोडून भागवलं, आणि महिनाअखेरीस म्हटलं की बघा, जमाखर्च जुळला. पुढे २००८ मध्ये दरवर्षीच्या समतोलाऐवजी चार वर्षांची सरासरी आली, आणि मंदीचे चटके बसले तेव्हा कायदा आणखी सैल करण्यात आला.

ब्रिटिश कोलंबियाने २००१ मध्ये जरा हुशारीने काम केलं. मंत्र्यांच्या वेतनातला २० टक्के भाग आधीच रोखून ठेवायचा. त्यातला अर्धा संपूर्ण सरकारने तुटीचं उद्दिष्ट गाठलं तर मिळणार, अर्धा त्या मंत्र्याच्या स्वतःच्या खात्याने आपलं उद्दिष्ट गाठलं तर. ही रचना मला आवडते, कारण दंड भरण्यापेक्षा रोखलेला पैसा न मिळणं अंमलात आणायला सोपं, आणि ज्याच्या हातात जेवढं आहे त्याला तेवढाच जबाब. पण २००९ ची मंदी आली आणि फेब्रुवारीत सरकारने कायद्यातच बदल करून तुटीला परवानगी घेतली. मे महिन्यात निवडणूक होती. प्रचारात सांगितलं जात होतं की तूट ४९.५ कोटी डॉलरच्या वर जाणार नाही. निवडणूक झाली, तेच सरकार परत आलं, आणि सप्टेंबरच्या सुधारित अर्थसंकल्पात तूट २.८ अब्ज डॉलर असेल असं सांगितलं गेलं. मंत्र्यांच्या वेतनातली कपात त्या महिन्यांत कुणाच्या मनात किती होती सांगता येणार नाही, पण निवडणुकीपुढे ती फिकी होती हे उघड आहे.

ओंटारियोची गोष्ट सगळ्यांत बोलकी. तिथला १९९९ चा कायदा सर्वांत जहाल होता: पहिल्या तुटीला मंत्र्यांचं २५ टक्के वेतन, त्यानंतर ५० टक्के. २००३ मध्ये निवडणुकीआधी सत्ताधाऱ्यांनी समतोल अर्थसंकल्प असल्याचं सांगितलं. सत्ता बदलली. नव्या सरकारने प्रांताच्या माजी लेखापरीक्षकांना पुस्तकं तपासायला बसवलं, तर ५.६ अब्ज डॉलरचं भगदाड निघालं. आता दंड कुणाला लावणार? ज्यांनी केलं ते घरी गेले होते, आणि जे खुर्चीवर होते त्यांनी केलं नव्हतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, तो कायदा रद्द झाला.

या तिन्ही प्रांतांत एक गोष्ट सारखी आहे. दंडाचा कायदा ज्यांनी केला त्यांच्याच हातात तो बदलण्याचा अधिकार होता. गळफास स्वतःच विणायचा आणि त्याची गाठही स्वतःच्याच हातात ठेवायची, असा प्रकार. आणि तिन्ही ठिकाणी झळ मंत्र्यांना होती, साध्या आमदारांना नव्हती. हे दुसरं मात्र बरोबर होतं, त्याकडे पुढे येतो.

बजेट नाही तर पगार नाही

अमेरिकेत कल्पनेला वेगळं वळण मिळालं. तिथे तुटीपेक्षा वेळेला महत्त्व आलं. कॅलिफोर्नियात अर्थसंकल्प मंजूर व्हायला दोन तृतीयांश बहुमत लागायचं, त्यामुळे तो दरवर्षी लटकायचा. २०१० चा तर १०० दिवस उशिरा झाला. राज्याने घेणेकऱ्यांना पैशांऐवजी वचनचिठ्ठ्या दिल्याचंही लोकांनी त्याआधी, २००९ मध्ये, पाहिलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात अर्थसंकल्पाशी संबंधित सहा प्रस्ताव लोकांपुढे मतदानाला आले. तूट भरून काढण्याचे, पैशांची फेरवाटणी करण्याचे पाच प्रस्ताव लोकांनी फेटाळले. तुटीच्या वर्षात लोकप्रतिनिधींना पगारवाढ देऊ नये, हा सहावा दणदणीत मतांनी मंजूर केला. राग कुठे होता आणि उपाय कुठे होते, ते या एका निकालात दिसतं.

नोव्हेंबर २०१० मध्ये आणखी एक प्रस्ताव मंजूर झाला. अर्थसंकल्प साध्या बहुमताने मंजूर करता येईल, पण १५ जूनपर्यंत झाला नाही तर उशिराच्या प्रत्येक दिवसाचं आमदारांचं वेतन आणि भत्ता कायमचा बुडेल. पहिलीच परीक्षा २०११ मध्ये आली. आमदारांनी १५ जूनला अर्थसंकल्प मंजूर केला, दुसऱ्या दिवशी राज्यपालांनी तो नाकारला. मग राज्याची देणी चुकती करणारे नियंत्रक जॉन चियांग यांनी आकडेमोड करून जाहीर केलं की हा अर्थसंकल्प समतोल नाही, त्यात १.८५ अब्ज डॉलर कमी पडतात; सबब आमदारांचा पगार बंद. बारा दिवसांचा पगार गेला. जून संपायच्या आत दुसरा अर्थसंकल्प मंजूर झाला.

म्हणजे औषध लागू पडलं? थांबा. आमदार कोर्टात गेले. कोर्टाने सांगितलं की अर्थसंकल्पातले महसुलाचे अंदाज खरे की खोटे हे ठरवण्याचा अधिकार नियंत्रकांना नाही. २०१४ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच म्हटलं. मग नियमात उरलं काय? १५ जूनपर्यंत ‘अर्थसंकल्प’ नावाचं काहीतरी मंजूर करायचं, एवढंच. तेव्हापासून तिथे अर्थसंकल्प वेळेवर होतात, हे खरं. पण अलीकडच्या कित्येक वर्षांत १५ जूनला कामचलाऊ मसुदा मंजूर होतो, पगार सुरक्षित होतो, आणि राज्यपालांशी खरी तडजोड झाल्यावर दुरुस्तीची विधेयकं मागाहून येतात. शाळेत प्रकल्पाची फाइल शेवटच्या तारखेला कोरी पानं घालून जमा करायची आणि नंतर भरायची, तसं.

वॉशिंग्टनमध्ये फेब्रुवारी २०१३ मध्ये असाच कायदा झाला. सिनेट आणि प्रतिनिधीगृह यांपैकी जे सभागृह १५ एप्रिलपर्यंत अर्थसंकल्पाचा ठराव मंजूर करणार नाही, त्याच्या सदस्यांचा पगार रोखून ठेवायचा. कापायचा नाही, रोखायचा. कारण त्यांच्या राज्यघटनेची सत्ताविसावी दुरुस्ती सांगते की काँग्रेस सदस्यांच्या वेतनातला बदल मधली निवडणूक झाल्याशिवाय लागू होत नाही. (ही दुरुस्ती १७८९ मध्ये मांडली गेली आणि मंजूर झाली १९९२ मध्ये. टेक्सासमधल्या एका विद्यार्थ्याने १९८२ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला, त्याला सी श्रेणी मिळाली, आणि तो इरेला पेटून राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रं लिहीत सुटला. दोनशेहून जास्त वर्षांची थकबाकी त्याने वसूल केली असं म्हणायला हरकत नाही.) कायद्याचा परिणाम झाला का? झाला. सिनेटने चार वर्षांत प्रथमच अर्थसंकल्पाचा ठराव मंजूर केला, प्रतिनिधीगृहानेही आपला केला. दोन्ही ठराव एकमेकांशी कधीच जुळवले गेले नाहीत, आणि ऑक्टोबरमध्ये सरकारचा कारभार १६ दिवस ठप्प झाला. पगार सगळ्यांचे झाले.

आकडा कुणाच्या हातात असतो?

आता मूळ अडचणीकडे येऊ. राजकोषीय तूट म्हणजे, सोप्या भाषेत, वर्षभरात सरकारला जेवढं कर्ज काढावं लागलं तेवढी रक्कम. महसुली तूट वेगळी: तिच्यात पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं अशा चालू खर्चाचाच हिशोब असतो. कर्ज काढून पेन्शन वाटणारं सरकार आणि कर्ज काढून रेल्वेमार्ग टाकणारं सरकार, दोघांची राजकोषीय तूट अगदी सारखी असू शकते. दंड दोघांना सारखाच?

समजा एका सरकारचं उत्पन्न १०० आणि खर्चही १००. जगभर मंदी आली. लोकांची कमाई घटली, खरेदी घटली, करवसुली ९० वर आली. बेकार झालेल्यांना मदत द्यावी लागते म्हणून खर्च १०४ वर गेला. तूट १४. एकाही आमदाराने एकही चुकीचं मत दिलेलं नाही. उलट अशा वेळी सरकारने थोडा जास्त खर्च करावा, असं बहुतेक अर्थतज्ज्ञ सांगतात. नाहीतर मंदी आणखी खोल जाते. पण पगार तुटीला बांधलेला असेल तर आमदारांचा फायदा नेमका उलट्या दिशेला: लोकांच्या हातात पैसा नाही तेव्हाच हात आखडता घ्या. दुसऱ्या टोकाला, तेल विकणाऱ्या देशात तेलाचा भाव वधारला की तूट आपोआप नाहीशी होते आणि कसलंही शहाणपण न दाखवता सगळे बक्षिसास पात्र. पाऊस पडला की रंगाऱ्याला दंड आणि ऊन पडलं की सुताराला बक्षीस, असला हा न्याय.

शिवाय मर्यादा ठरवायची किती? युरोपात तुटीसाठी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांची रेषा प्रसिद्ध आहे, आणि इतर अनेक देशांनीही ती उचलली. तिचं मूळ शोधायला गेलं तर ते १९८१ साली फ्रान्सच्या अर्थमंत्रालयातल्या तरुण अधिकाऱ्यांपाशी जातं. नव्या राष्ट्राध्यक्षांना मंत्र्यांच्या मागण्या थोपवायला एखादा साधा नियम हवा होता, त्यांनी घाईघाईत हा आकडा काढून दिला. नंतर त्याला सिद्धांताचं तेज आलं. गुंतवणूकदार वॉरेन बफे यांनी २०११ मध्ये एका मुलाखतीत तीच ३ टक्क्यांची रेषा घेऊन म्हटलं होतं की तूट त्याच्या वर गेली की काँग्रेसच्या सगळ्या सदस्यांना पुन्हा उभं राहायला बंदी करा, पाच मिनिटांत तूट संपेल. टाळ्या मिळवणारं वाक्य. पण पाच मिनिटांत जी संपते ती तूट असते की तुटीचा आकडा?

याच ठिकाणी पगाराच्या तारखेचा तो किस्सा आठवा. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये जे निरीक्षण मांडलं त्याचा सोपा अर्थ असा की एखादं मोजमाप उद्दिष्ट बनलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. टार्गेटवर नोकरी केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी माल गोदामातच असतो, बिल मात्र फाटतं.

सरकारांकडे हातचलाखीचे प्रकार भरपूर असतात. ॲरिझोना राज्याने २०१० मध्ये आपल्या सरकारी इमारती ७३.५ कोटी डॉलरला विकल्या आणि त्याच भाड्याने घेतल्या. त्यांत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या इमारती होत्या. आमदार उठले नाहीत, खुर्च्या हलल्या नाहीत, तूट कमी झाली. शिकागो शहराने २००८ मध्ये रस्त्यांवरचे पार्किंगचे मीटर ७५ वर्षांच्या करारावर खासगी कंपनीला दिले, १.१५ अब्ज डॉलरला. पुढच्या वर्षी शहराच्याच महानिरीक्षकांनी हिशोब मांडला की हे मीटर स्वतःकडे ठेवले असते तर त्यांची किंमत साधारण ९७ कोटी डॉलरनी जास्त होती. आलेले बहुतेक पैसे पुढच्या थोड्या वर्षांतले अर्थसंकल्पातले खड्डे बुजवण्यात गेले. तीन-चार अर्थसंकल्प सुखाचे झाले, उरलेली सत्तर वर्षं कुणीतरी नाणी टाकत राहणार. आणि ग्रीसमध्ये तर २००९ च्या तुटीचा आकडा ३.७ टक्क्यांवरून १२.५ वर आणि अखेर १५ टक्क्यांच्या पुढे गेला. ज्या संख्याशास्त्रज्ञाने, आंद्रेआस जॉर्जिऊ यांनी, शेवटचा आकडा नीट काढला, त्यांनाच पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

हे सगळं कुणाच्या पगाराला झळ नसताना झालं. झळ असती तर?

याहून गंभीर म्हणजे जे मोजलं जात नाही ते मागे पडतं. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम यांनी १९९१ मध्ये हे गणितात बसवून दाखवलं: माणसाकडे दोन कामं असतील आणि बक्षीस एकाच कामाला असेल, तर दुसऱ्या कामाची आबाळ होते. सरकारकडे दोन नाही, दोनशे कामं असतात. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराची तिजोरी रिकामी झाली तेव्हा राज्याने तिथे आणीबाणीचा व्यवस्थापक नेमला. लोकांनी निवडून दिलेल्या नगरपरिषदेचे अधिकार त्याच्याकडे गेले. त्याचं मुख्य काम एकच: हिशोब जुळवणं. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराचा पाणीपुरवठा फ्लिंट नदीवर वळवण्यात आला. ते पाणी जुन्या नळांना खाणारं होतं, आणि नळ गंजू नयेत म्हणून जे रसायन घालायला हवं होतं ते घातलं गेलं नाही. नळांमधलं शिसं पाण्यात उतरलं, मुलांच्या रक्तात पोचलं. लोक बाटल्यांत गढूळ पाणी घेऊन सभांना येत होते आणि पाणी ठीक आहे असं त्यांना सांगितलं जात होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये जुना पुरवठा परत सुरू झाला. तिजोरीच्या वहीत त्या दीड वर्षाची नोंद बचत म्हणून झाली असणार.

सिंगापूरने काय बांधलं?

सिंगापूरचं उदाहरण या विषयावर हमखास दिलं जातं, आणि हमखास अर्धवट दिलं जातं. तिथल्या मंत्र्यांचे पगार जगात सर्वाधिकांपैकी आहेत, आणि आधी त्यांना आर्थिक वाढीच्या दरावर बोनस मिळायचा. २०१० मध्ये अर्थव्यवस्था १४.५ टक्क्यांनी वाढली, पण सामान्य माणसाला घर आणि गर्दीचा प्रश्न भेडसावत होता. २०११ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाची मतं ६० टक्क्यांवर घसरली. मंत्र्यांचे पगार हा प्रचारातला मोठा मुद्दा होता. लगेच समिती नेमली गेली आणि २०१२ मध्ये नवी रचना आली. नव्या मंत्र्याचा वार्षिक पगार ११ लाख सिंगापुरी डॉलरवर आणला गेला, पेन्शन बंद झाली, आणि बोनस चार आकड्यांना समान वजन देऊन बांधला गेला: मधल्या नागरिकाच्या खऱ्या उत्पन्नातली वाढ, तळच्या पाचव्या हिश्श्याच्या खऱ्या उत्पन्नातली वाढ, बेकारीचा दर आणि आर्थिक वाढ. उद्दिष्टं गाठली तर तीन महिन्यांचा पगार, फार चांगली कामगिरी झाली तर जास्तीत जास्त सहा महिन्यांचा.

या चौघांत तूट नाही. तुटीसाठी त्यांनी पगाराचा चिमटा वापरलाच नाही, कुलूप वापरलं. आधीच्या सरकारांनी साठवलेल्या गंगाजळीला हात लावायचा तर राष्ट्राध्यक्षांची संमती लागते, अशी घटनेतच तरतूद आहे. मंत्र्यांच्या बोनससाठी निवडलेले आकडे लोकांच्या जगण्याच्या जवळचे, आणि तिजोरीच्या शिस्तीसाठी वेगळी यंत्रणा. मला यातला पगाराचा आकार पटत नाही, पण दोन प्रश्न दोन ठिकाणी ठेवण्याची ही अक्कल घेण्यासारखी आहे.

झळ कुणाला?

आमदार आणि मंत्री यांत फरक करायलाच हवा. अर्थसंकल्प सरकार मांडतं. विरोधी बाकावरच्या आमदाराने विरोधात मत दिलं, अर्थसंकल्प तरीही मंजूर झाला, तूट आली, आणि पगार याचाही कापला, तर त्याला शिक्षा कसली झाली? उलट काही ठिकाणी त्याच्याकडे नवंच हत्यार येतं: कामकाज अडवून धरायचं आणि सत्ताधाऱ्यांच्या खिशाला चाट लागेपर्यंत वाट बघायची. कॅनडाच्या प्रांतांनी झळ मंत्र्यांपुरती ठेवली ते याचमुळे योग्य होतं.

दुसरी बाब श्रीमंतीची. लोकप्रतिनिधीला पगार का द्यायचा, यावर एकोणिसाव्या शतकात मोठं भांडण झालं. ब्रिटनमधल्या चार्टिस्ट चळवळीच्या १८३८ च्या सहा मागण्यांत खासदारांना वेतन ही एक होती, कारण बिनपगारी संसदेत फक्त जमीनदार बसू शकत होते. मागणी मान्य व्हायला १९११ उजाडलं. वर्षाला ४०० पौंड ठरले. पगारकपातीची धमकी हे चाक थोडं उलटं फिरवते. ज्याचे कारखाने आहेत त्याला दोन महिन्यांचा पगार बुडाल्याचं कळणारही नाही. जो शिक्षकाची नोकरी सोडून आला आहे त्याचा घराचा हप्ता चुकेल. तुटीच्या मतदानात दोघांपैकी आधी कोण वाकेल, आणि त्याला वाकवायला कोण येईल, याचा विचार करून बघा.

आणि पगार आकड्याला बांधायचाच तर तो आकडा कोणता, यावर एक गंमत. भारतात २०१८ च्या तरतुदीनुसार खासदारांचं वेतन दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वाढतं. स्वतःच स्वतःची वाढ मंजूर करण्याचा ओशाळवाणा प्रकार त्यामुळे थांबला, हे चांगलंच. पण महागाई जास्त तर वाढ जास्त, असा तो धागा आहे.

मग बांधायचं कशाला?

जे त्यांच्या हातात आहे त्याला. तेलाचे भाव, पाऊस, जगातली मंदी लोकप्रतिनिधींच्या हातात नाही. हिशोब वेळेवर आणि खरा मांडणं त्यांच्या हातात आहे. ज्या ओंटारियोचा जहाल कायदा फसला, त्याच प्रांताने २०१९ मध्ये वेगळा कायदा केला. त्यात दंड तुटीला नाही. अर्थसंकल्प, तिमाही अहवाल अशी ठरलेली कागदपत्रं ठरलेल्या तारखेला लोकांपुढे आली नाहीत, तर प्रांताच्या प्रमुखांना आणि अर्थमंत्र्यांना त्या पदांसाठी मिळणाऱ्या वेतनाचा १० टक्के दंड. रक्कम लहान आहे, पण तारीख चुकली की नाही यावर वाद घालायला जागा नाही, आणि जबाबदार माणसं दोनच.

यात मी आणखी दोन गोष्टी घालेन. एक, महसुलाचे अंदाज सरकारने काढूच नयेत, किंवा काढले तरी स्वतंत्र संस्थेच्या अंदाजाशेजारी छापावेत. अमेरिकेत १९७४ पासून, ब्रिटनमध्ये २०१० पासून अशी कार्यालयं आहेत. कॅलिफोर्नियाचा नियम पोकळ झाला तो याच फटीतून: परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासायचा होता. दुसरी, कपातीपेक्षा मंत्र्यांच्या वेतनाचा काही भाग मागे ठेवावा आणि दोन-तीन वर्षांनी, लेखापरीक्षकांनी अंतिम हिशोबावर सही केल्यानंतर द्यावा. तोवर सत्ता गेली असली तरी चालेल. पैसे त्याच माणसाचे अडकलेले असतील. ओंटारियोत २००३ मध्ये दंड लावायला माणूस सापडला नव्हता, या रचनेत तो सापडतो. मोठ्या बँकांच्या अधिकाऱ्यांचे बोनस २००८ च्या पडझडीनंतर असेच लांबवले गेले, कारण कर्ज बुडतं तेव्हा ते देणारा बक्षीस घेऊन गेलेला असतो हे तेव्हा महागात पडून कळलं होतं.

पगार किती असावा हेही त्यांच्या हातून काढून घेता येतं. ब्रिटनमध्ये खासदारांच्या खर्चाची लफडी २००९ मध्ये बाहेर आली आणि स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं. २०१५ मध्ये त्याने पगार ७४ हजार पौंडांवर नेला तेव्हा कित्येक खासदारांनीच जाहीरपणे नको म्हटलं. वाढ झालीच; नको म्हणणंही त्यांच्या हातात राहिलं नव्हतं.

तुटीचं काय? तिची चर्चा सभागृहात व्हावी, निकाल मतदाराने द्यावा, आणि त्यासाठी त्याच्यापुढे येणारा आकडा खरा असावा.

कॅलिफोर्नियात ३० जूनचा पगार १ जुलैला देण्याची ती युक्ती जवळपास दहा वर्षं तशीच चालू राहिली. २०१९ मध्ये तिजोरी भरलेली असताना ती उलटवली गेली, पगार पुन्हा आपल्या वर्षात आला. २०२४ मध्ये पुन्हा मोठी तूट आली, तेव्हा जून २०२५ चा पगार एका दिवसाने पुढे ढकलायचं ठरलं. या वेळी कागदावरची बचत ३.२ अब्ज डॉलर होती. अर्थसंकल्प १५ जूनच्या आत मंजूर झाला होता, त्यामुळे आमदारांचा एक डॉलरही कापला गेला नाही.